शेंगेनमधल्या अंतर्गत विमानप्रवासात पासपोर्ट कोण, कुठे आणि कशासाठी तपासतो

फ्रँकफर्टहून बार्सिलोनाला किंवा पॅरिसहून प्रागला जाताना इमिग्रेशनची रांग नसते. त्यावरून बरेच जण असं धरून चालतात की पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून दिला तरी चालेल, किंवा खिशात जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असलं की पुरे. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्याची गाडी नेमकी इथेच अडते. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, उठली आहे ती सीमेवरची तपासणी. ओळखपत्राची तपासणी, पोलिसांची तपासणी आणि कागद जवळ बाळगण्याची सक्ती या तिन्ही गोष्टी आहेत तिथेच आहेत.

शेंगेन सीमा संहितेचं २२ वं कलम सांगतं की अंतर्गत सीमा कोणत्याही ठिकाणाहून, कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या माणसाला, सीमा-तपासणीविना ओलांडता येते. म्हणजे ही सवलत फक्त युरोपीय नागरिकांची नाही, भारतीय पासपोर्टवाल्याचीही आहे. पण लगेच पुढचं २३ वं कलम देशांना तीन गोष्टी करू देतं: पोलिसांनी आपल्या अधिकारात विचारपूस करणं, विमानतळावर सुरक्षा तपासणी करणं, आणि ओळखीचे कागद जवळ ठेवण्याची कायद्याने सक्ती करणं. परदेशी नागरिकाने देशात आल्याची नोंद करावी, अशी अटही देश घालू शकतो. प्रवासात कोण काय विचारतो, हे या दोन कलमांतून समजतं.

आधी नकाशा पक्का करा

शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत. त्यांतले नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिक्टनस्टाइन हे चार युरोपीय संघात नाहीत. उलट आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही. क्रोएशियाच्या विमानतळांवरची अंतर्गत तपासणी २६ मार्च २०२३ ला उठली. रोमानिया आणि बल्गेरियाची हवाई व सागरी तपासणी ३१ मार्च २०२४ ला, तर जमिनीवरची १ जानेवारी २०२५ ला उठली. जुन्या प्रवासवर्णनांत झाग्रेब किंवा बुखारेस्टला इमिग्रेशन लागतं असं वाचलं असेल, तर ते आता विसरा.

फसवणारी ठिकाणं वेगळीच आहेत. पॅरिस–डब्लिन (आयर्लंड) आणि अथेन्स–लार्नाका (सायप्रस) या बाह्य उड्डाणांना पूर्ण पासपोर्ट तपासणी होते. कॅनरी बेटं, मदेइरा आणि अझोर्स शेंगेनमध्ये येतात. रेयुनियाँ किंवा ग्वादलूप फ्रान्सचे असले तरी शेंगेनबाहेर आहेत. ग्रीनलँड आणि फेरो बेटांवर साधा शेंगेन व्हिसा चालत नाही. अरोरा, म्हणजे उत्तरेकडच्या आकाशातला रंगीत प्रकाश, बघायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या बरीच वाढली आहे, म्हणून हे ठळकपणे सांगायला हवं: ट्रॉम्सोहून पुढे स्वालबार्ड या नॉर्वेच्याच बेटांवर गेलात तर तुम्ही शेंगेनबाहेर पडता. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण परत नॉर्वेत शिरायला लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो जाताना संपलेला असतो. डब्लिन किंवा लंडनला मधेच दोन दिवस जाऊन येणाऱ्यांचंही हेच होतं.

मुंबईहून निघताना: इमिग्रेशन कुठे होणार?

मुंबई–फ्रँकफर्ट–बार्सिलोना असं तिकीट असेल तर शेंगेनमध्ये प्रवेश फ्रँकफर्टला होतो. बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो, ‘किती दिवस राहणार’, ‘हॉटेल कुठे’ हे सगळं तिथेच. त्यामुळे बार्सिलोनाचं हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा यांच्या प्रती हातातल्या बॅगेत हव्यात. व्हिसा स्पेनने दिला आणि पाय आधी जर्मनीत पडला, यात काहीच गैर नाही. मुख्य मुक्काम स्पेनमध्ये आहे हे दाखवता आलं की झालं.

बार्सिलोनाला उतरल्यावर मात्र तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे थेट बॅगा घ्यायला जाता. मुंबईहून थेट चेक-इन केलेल्या बॅगेची कस्टम तपासणी शेवटच्या विमानतळावर, तर हातातल्या बॅगेची पहिल्याच विमानतळावर होते. तूप, पेढे, चीज, मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला मनाई आहे. ते कोणत्याही बॅगेत असले तरी कुठेतरी सापडतातच.

जोड विमानासाठी किमान दोन ते अडीच तास ठेवा. विमान कंपनी याहून बरीच कमी वेळ असलेलं तिकीटही विकते, पण त्या हिशेबात इमिग्रेशनची लांब रांग धरलेली नसते. मोठ्या विमानतळांवर शेंगेन आणि बिगर-शेंगेन असे दोन वेगळे भाग असतात. फ्रँकफर्टला ‘ए’ गेट्स शेंगेनची आणि त्यांच्याच वरच्या मजल्यावरची ‘झेड’ गेट्स बाहेरच्या देशांची. म्युनिकच्या टर्मिनल २ मध्ये ‘जी’ शेंगेनची, ‘एच’ बाहेरची. पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर ‘२एफ’ मधून ‘२ई’ मध्ये जायचं तर मधे पासपोर्ट तपासणी लागते. अंतर्गत विमानाची वाट बघत असताना दुकानं पाहायला म्हणून ही तपासणी ओलांडू नका. तिथे तुमची शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते, आणि एका प्रवेशाच्या व्हिसावर परत आत येता येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून ‘एंट्री-एक्झिट सिस्टिम’ टप्प्याटप्प्याने सुरू झाली. अल्प मुक्कामासाठी आलेल्या परदेशी नागरिकाची ये-जा त्यात संगणकावर नोंदली जाते आणि पासपोर्टवरचा शिक्का जातो. ही नोंद फक्त बाह्य सीमेवर होते, अंतर्गत उड्डाणात नाही. रेसिडेन्स परमिट किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा असणाऱ्यांना ती लागू नाही. शिक्का नसल्यामुळे एक साधी सवय लावून घ्या: मुंबईहून आलेल्या विमानाचा बोर्डिंग पास प्रवास संपेपर्यंत जपून ठेवा. पुढे एखाद्या गेटवर पोलिसाने ‘शेंगेनमध्ये कधी आलात’ म्हणून विचारलं, तर हातात दाखवायला तेवढाच कागद असतो.

अंतर्गत उड्डाणाच्या दिवशी

या दिवशी चार ठिकाणी कागद मागितले जाऊ शकतात. प्रत्येक ठिकाणी विचारणारा वेगळा असतो आणि त्याला हवं असलेलंही वेगळं.

पहिलं ठिकाण ऑनलाइन चेक-इन. इथे नाव, पासपोर्ट क्रमांक, मुदत आणि राष्ट्रीयत्व भरायचं असतं. मराठी माणसाचा घोळ बहुतेक वेळा नावात होतो. भारतीय पासपोर्टवर ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम्स’ असे दोनच रकाने असतात, आणि आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव गिव्हन नेम्समध्ये जातं. समजा आडनावाच्या रकान्यात ‘कुलकर्णी’ आणि नावाच्या रकान्यात ‘अनघा सुधीर’ आहे. तर तिकिटावरही पहिलं नाव ‘अनघा सुधीर’ असंच हवं. मधल्या नावाचा वेगळा रकाना असेल तर ‘सुधीर’ तिथे चालतं, पण ते आडनावात घुसता कामा नये. शंका आली तर फोटोच्या पानाच्या तळाशी असलेल्या, बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी बघा. वरच्या ओळीत देशाच्या कोडनंतर आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीचं नाव असतं. यंत्र तेच वाचतं. पासपोर्टवर आडनाव रिकामं असेल तर प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे. कोणी नावच दोनदा लिहायला सांगतं, कोणी ठरावीक अक्षरं टाकायला. बुकिंगच्या आधी त्यांचा नियम वाचून घ्या, कारण स्वस्त कंपन्या नंतरच्या दुरुस्तीला तिकिटाइतकेही पैसे घेऊ शकतात. लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने झाला आणि रेसिडेन्स कार्ड जुन्या नावानेच राहिलं असेल, तर तिकीट पासपोर्टप्रमाणे काढा आणि विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.

दुसरं ठिकाण विमान कंपनीचं काउंटर. काही स्वस्त विमान कंपन्या युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना सुरक्षा तपासणीच्या आधी कागद दाखवून यायला सांगतात. बोर्डिंग पासवर किंवा ॲपमध्ये ‘व्हिसा चेक’ किंवा ‘डॉक्युमेंट चेक’ अशी सूचना असते. ती लहान अक्षरात असते आणि सुटून जाते. ती दिसली की बॅग टाकायची नसली तरी आधी काउंटर गाठा. अशी काउंटरं उड्डाणाच्या साधारण ४० मिनिटं आधी बंद होतात आणि रांग बॅगवाल्यांचीच असते. म्हणून दोन तास आधी पोचलेलं बरं. कागद तपासल्याची खूण काउंटरवरून न घेता गेटवर गेलात तर तिथून परत पाठवू शकतात, आणि सुरक्षा तपासणीपलीकडून मागे फिरून पुन्हा आत येण्याइतका वेळ उरलेला नसतो.

तिसरं, सुरक्षा तपासणी. इथे फक्त बोर्डिंग पास स्कॅन होतो. व्हिसाशी या लोकांचा काही संबंध नाही.

चौथं, गेट. इथे कंपनीचे कर्मचारी बोर्डिंग पासवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळवतात. उत्तर युरोपात बऱ्याचदा नुसता बोर्डिंग पास स्कॅन करून सोडतात, तर दुसरीकडे प्रत्येकाचा पासपोर्ट उघडून बघतात. एकदा कोणी विचारलं नाही म्हणून पुढच्या खेपेला पासपोर्ट घरी ठेवू नका. युरोपीय नागरिक आपल्या राष्ट्रीय ओळखपत्रावर फिरतात. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोवेकरही ‘कार्तांव द सिदादांव’ या कार्डावर फिरू शकतात, कारण ते आता युरोपीय नागरिक आहेत. भारतीय नागरिकाला हा पर्याय नाही. आधार, पॅन, डिजिलॉकरमधली प्रत किंवा फोनमधला पासपोर्टचा फोटो इथे चालत नाही. लहान मुलालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

व्हिसाचा स्टिकर वाचायला शिका

काउंटरवरचा माणूस घाईत असतो. स्टिकर तुम्हाला वाचता आला तर त्याची चूक दोन मिनिटांत दाखवता येते.

सगळ्यात वरच्या ओळीत व्हिसा कुठे चालतो ते असतं. ‘शेंगेन राज्ये’ हे शब्द देणाऱ्या देशाच्या भाषेत छापलेले असतात, जर्मनीच्या स्टिकरवर जर्मनमध्ये, इटलीच्या इटालियनमध्ये. तिथे ‘शेंगेन राज्ये’ऐवजी एखाद-दोन देशांचीच अक्षरं असतील तर तो मर्यादित क्षेत्राचा व्हिसा आहे, आणि इतर देशांत तो चालत नाही. वजाचं चिन्ह आणि पुढे देशाची अक्षरं असतील तर ते देश वगळलेले आहेत.

त्याखाली ‘पासून–पर्यंत’ तारखा. त्याच्या जवळ प्रकार: ‘सी’ म्हणजे अल्प मुक्काम, ‘डी’ म्हणजे एका देशाचा दीर्घ मुक्काम. मग प्रवेशांची संख्या, म्हणजे एक, दोन किंवा अनेक. त्याच्या बाजूला मुक्कामाचे दिवस. सर्वाधिक गोंधळ या शेवटच्या आकड्याचा. तारखा १ मे ते ३० मे आणि मुक्काम १५ दिवस असेल, तर महिनाभर राहता येत नाही. त्या खिडकीतले कोणतेही १५ दिवस, तेही आल्याचा आणि गेल्याचा दिवस धरून. तारखांची खिडकी साधारण १५ दिवसांनी मोठी ठेवतात, ती तुमचा कार्यक्रम मागेपुढे झाला तर सोय म्हणून.

‘डी’ व्हिसावाल्याला दुसऱ्या शेंगेन देशात नेणं काही कर्मचाऱ्यांना चुकीचं वाटतं, कारण त्यावर एकाच देशाचं नाव असतं. पण २०१० च्या युरोपीय नियमानुसार वैध ‘डी’ व्हिसावर इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. रेसिडेन्स परमिटलाही हीच मुभा आहे.

ब्रिटनचं किंवा आयर्लंडचं रेसिडेन्स परमिट, किंवा अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलं, तरी भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतोच.

रेसिडेन्स कार्ड एकटं पुरत नाही

जर्मनीत, नेदरलँड्समध्ये शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींना हे मुद्दाम सांगायला हवं. रेसिडेन्स कार्ड हा राहण्याचा हक्क आहे, प्रवासाचा कागद नाही. दुसऱ्या देशात ते चालतं ते वैध पासपोर्टसोबतच. पासपोर्ट नूतनीकरणासाठी दूतावासात दिला असेल तर तो हाती येईपर्यंत शेंगेनमध्येही विमानाने जाऊ नका. नवा पासपोर्ट आला आणि व्हिसा जुन्यात राहिला, तर दोन्ही एकत्र ठेवा.

जर्मनीत परमिट संपण्याआधी वाढीसाठी अर्ज केला की तात्पुरता घडीचा कागद मिळतो, ‘फिक्सिओन्सबेशायनिगुंग’. त्यावर तीन चौकोन असतात. तिसऱ्यावर खूण असेल, म्हणजे आधीचं परमिट पुढे चालू मानलं जातं, तरच तो जुन्या कार्डासोबत आणि पासपोर्टसोबत प्रवेशासाठी चालतो. पहिल्या दोन चौकोनांवरची खूण प्रवेशाचा हक्क देत नाही. विमान कंपनीच्या काउंटरवर हा कागद अनेकांनी कधी पाहिलेलाही नसतो. म्हणून तिसरी खूण असली तरी वेळ जास्त ठेवा, आणि नाताळच्या सहलीची तिकिटं हा कागद हातात नसताना काढू नका.

विमानाच्या दाराशी पोलीस

उतरल्यावर विमानाला जोडलेल्या बोगद्याच्या टोकाला दोन गणवेशधारी उभे आहेत आणि सगळ्यांचे पासपोर्ट बघत आहेत, हे दृश्य अंतर्गत उड्डाणातही दिसतं. त्याची दोन कारणं असू शकतात.

एक, पोलिसांची नेहमीची फिरती तपासणी. ती कधीमधी, निवडक विमानांवर आणि ठोस कारणाने व्हावी लागते. तिचा परिणाम सीमा-तपासणीसारखा होता कामा नये, असं युरोपीय न्यायालयाने २२ जून २०१० च्या फ्रान्सविषयीच्या निकालात सांगितलं. दोन, देशाने अंतर्गत सीमेवर तात्पुरती तपासणी परत आणलेली असणं. फ्रान्समध्ये ती नोव्हेंबर २०१५ पासून मुदतवाढ घेत चालू आहे आणि तिच्यात हवाई सीमाही येतात. जर्मनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्रीसहून येणाऱ्या विमानांवर अशी तपासणी लावली होती, कारण दुसऱ्याच्या कागदांवर लोक त्या मार्गाने येत होते. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीची तपासणी सगळ्या जमिनी सीमांवर आहे. कोणत्या देशाची कोणती सीमा, कोणत्या तारखेपर्यंत, याची यादी युरोपीय आयोग आपल्या संकेतस्थळावर ठेवतो. निघण्याआधी ती बघायला एक मिनिट लागतं.

तुमच्या बाजूने दोन्हींत करायचं तेच. पासपोर्ट व्हिसाच्या पानावर उघडून द्या, रेसिडेन्स कार्ड असेल तर वर ठेवा, आल्याची तारीख सांगा. इथे शिक्का मारत नाहीत. पासपोर्ट चेक-इन बॅगेत असेल तर बॅग येईपर्यंत तुम्हाला थांबवून ठेवण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

स्वित्झर्लंडचं एक वेगळेपण आहे. झ्युरिक–बर्लिन उड्डाणात पासपोर्ट तपासणी नसली तरी कस्टम असतं, कारण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या कस्टम क्षेत्रात नाही. बॅगेच्या पट्टीकडे बघा. संघातल्या संघात जाणाऱ्या बॅगेच्या पट्टीला हिरवी कड असते, झ्युरिकहून निघालेल्या बॅगेला ती नसते.

पोचल्यानंतरची नोंद

ही अट फारच कमी लोकांना माहीत असते. सीमेवर कोणी विचारलं नाही म्हणून काही देश तुम्हालाच येऊन सांगायला लावतात. दुसऱ्या शेंगेन देशातून इटलीत आलात तर आठ दिवसांच्या आत पोलिसांच्या ‘क्वेस्तुरा’ कार्यालयात हजेरीची नोंद हवी. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ही मुदत तीन कामकाजाच्या दिवसांची. हॉटेलात उतरलात तर पाहुण्यांची नोंद हॉटेलच करतं, इटलीत तेवढ्याने भागतं. अडचण नातेवाइकांच्या किंवा मित्राच्या घरी राहणाऱ्यांची होते. त्यांनी स्वतः नोंद करून तिची प्रत जवळ ठेवावी.

विमानात चढू दिलं नाही तर

आधी शांतपणे विचारा की संगणकावर कोणता कागद टाकला आहे. बहुतेक कंपन्या ‘टिमॅटिक’ नावाच्या यंत्रणेत नियम बघतात. राष्ट्रीयत्व भारत, मुक्काम स्पेन एवढंच टाकलं आणि जर्मन रेसिडेन्स परमिट टाकायचं राहिलं, तर ती व्हिसा मागणारच. परमिटचा प्रकार आणि मुदत टाकून पुन्हा बघायला सांगा. त्यानेही जमलं नाही तर पर्यवेक्षकाला बोलवायला सांगा, आणि तरीही नकारच असेल तर कारण लेखी घ्या. कोणी दिलं नाही तर वेळ, काउंटर क्रमांक आणि सांगितलेलं कारण जागच्या जागी लिहून ठेवा.

कागद खरोखर अपुरे असतील तर भरपाई नाही. पण कागद बरोबर असूनही नाकारलं, तर युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली तो चढण्यास नकार ठरतो: १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, संघाच्या आतल्या त्याहून लांब उड्डाणाला ४०० युरो, शिवाय पैसे परत किंवा दुसरं विमान. लार्नाकाहून बुखारेस्टला निघालेल्या, सायप्रसचं परमिट असलेल्या कझाक प्रवाशाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ३० एप्रिल २०२० ला स्पष्ट केलं की कागद अपुरे आहेत असं कंपनीने म्हटलं म्हणून प्रवाशाचा हक्क आपोआप जात नाही, कागद खरंच अपुरे होते का ते न्यायालय तपासेल. तुमचं प्रकरण कंपनीकडून घेतलेल्या त्या लेखी कारणावर उभं राहतं. अर्ज आधी कंपनीकडे करा, दाद मिळाली नाही तर जिथून विमान सुटणार होतं त्या देशाच्या प्रवासी हक्क यंत्रणेकडे.

पासपोर्टच हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अर्ज. घाईत मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतायला चालतं. त्यावर राहिलेली सहल पूर्ण करता येत नाही. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची छापील प्रत दुसऱ्या बॅगेत असेल, तर दूतावासातलं काम बरंच लवकर उरकतं.